'खाली दुखतंय' : पुरुषांचे न सांगितले जाणारे दुखणे

दवाखान्यात असा रुग्ण शक्यतो संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर येतो. बाकावर कडेला बसतो. नंबर आला तरी "त्यांना जाऊ द्या आधी, मला घाई नाही" म्हणतो. आत आल्यावर आधी सर्दीचे, मग पित्ताचे बोलतो. कंपाउंडर बाहेर गेला की आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, जरा खाली दुखतंय."

'खाली' म्हणजे नेमके कुठे, हे त्याला नीट सांगता येत नाही. कधी ओटीपोटात, कधी जांघेत, कधी अंडकोषांत, कधी लिंगाच्या टोकाशी, तर पुष्कळदा अंडकोष व गुदद्वार यांच्या मधल्या जागेत. बसले की वाढते, जणू गोल्फच्या नव्हे, आपल्या पेरूएवढ्या चेंडूवर बसलो आहोत असे वाटते. लघवीला वारंवार जावे लागते, झाल्यावरही राहिल्यासारखी वाटते. काहींना संबंधानंतर दोन दिवस ठणका राहतो. लघवी तपासली तर निर्दोष, सोनोग्राफी 'नॉर्मल', रक्त 'नॉर्मल'. दुखणे मात्र तसेच!

वाचकहो, हे दुखणे दुर्मिळ नाही. पन्नाशीच्या आतील पुरुष मूत्ररोगतज्ज्ञाकडे ज्या तक्रारी घेऊन जातात, त्यांत हिचा क्रमांक फार वरचा आहे. तरीही याविषयी घरात बोलले जात नाही, मित्रांत बोलले तर थट्टा होते आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती तेवढ्या बोलतात. म्हणून आजचा लेख या विषयावर, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीने.

रविवारी न दुखणारे दुखणे

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतील रोखपाल माझ्याकडे आले. वय ३८. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) लघवीला जळजळ, ओटीपोटात जडपणा, बसले की मागे-खाली कळ. मी 'लघवीचा जंतुसंसर्ग' समजून आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. थोडे बरे वाटले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी गोळी बदलली. तिसऱ्या वेळी लघवीचे कल्चर केले, त्यात जंतू उगवले नाहीत. तरी मी 'प्रोस्टेटला सूज असेल' म्हणून आणखी जोरदार प्रतिजैविक दिले. चार महिन्यांत चार कोर्स झाले. मग ते यायचे बंद झाले. मला वाटले, बरे झाले असतील.

पाच महिन्यांनी ते जाडजूड फाईल घेऊन परतले. मधल्या काळात शहरात दोन ठिकाणी दाखवून झाले होते. एका लॉजवर दर गुरुवारी येणाऱ्या 'वैद्या'ने "शक्ती गळून चालली आहे" असे सांगून १८ हजार रुपयांची पुडी-भस्मे खपवली होती. सर्वांत वाईट म्हणजे, हा बाहेरून आणलेला रोग असावा अशी शंका त्यांच्या पत्नीला आली होती. ती माहेरी गेली होती, आणि तिला काय सांगावे हे यांना कळत नव्हते. त्यांनाही वाटे, लग्नाआधीची कुठली तरी चूक आता भोवते आहे.

फाईल मिटताना ते सहज म्हणाले, "गंमत अशी डॉक्टरसाहेब, रविवारी शेतावर गेलो की दिवसभर काही होत नाही. सोमवारी काउंटरवर बसलो की अकरा वाजेपर्यंत सुरू."

मी थबकलो. जंतू काही रविवारची सुट्टी घेत नाहीत!

त्या दिवशी मी ती तपासणी केली जी पहिल्याच भेटीत करायला हवी होती: हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी. चार वेळा ते माझ्यासमोर बसले होते. त्यांना संकोच होता, मला घाई होती. प्रोस्टेट ग्रंथी मऊ व नेहमीच्या आकाराची लागली, दाबल्यावर विशेष दुखली नाही. पण बोट बाजूच्या स्नायूवर थोडे दाबताच ते कळवळले, "हीच, हीच ती कळ!" तो स्नायू ताणलेल्या दोरीसारखा घट्ट होता.

रोकड सोडून उठता येत नाही म्हणून हे गृहस्थ सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत लघवी दाबून धरत. दुखणे सुरू झाले त्याच्या आधीच्या मार्चअखेरीस हिशेबात तूट आली होती. ती पुढे सापडली, पण तीन आठवडे झोप नव्हती. हे सगळे मी पहिल्या दिवशी विचारले असते तर त्यांचे नऊ महिने, बरेच पैसे आणि घरातली शांतता वाचली असती.

आतली रचना समजून घेऊ

प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथी फक्त पुरुषांत असते. ती मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, अक्रोडाएवढी असते. तरुणपणी तिचे वजन साधारण २० ग्रॅम असते. मूत्रनलिका तिच्या मधून जाते. वीर्याचा काही द्रव ही ग्रंथी तयार करते.

तिच्या खाली, पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. तिला आपण 'ओटीपोटाचा तळ' म्हणू. मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात. लघवी किंवा शौच रोखायचे तेव्हा ही झोळी आवळते, करायचे तेव्हा सैल होते. हा खेळ दिवसभर चालू असतो, आपल्याला त्याची जाणीवही नसते.

आता एक प्रयोग करा. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि हा परिच्छेद वाचून होईपर्यंत सोडू नका. थोड्या वेळाने बोटे दुखू लागतील, हात जड होईल. काही लोकांत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असेच तासन् तास आवळलेले असतात. कारणे अनेक: लघवी दाबून धरण्याची सवय, बद्धकोष्ठ व कुंथणे, दिवसभराची बैठक, मोटारसायकलवरचा लांबचा प्रवास, मूळव्याध वा फिशरची वेदना, आधी होऊन गेलेला खराखुरा जंतुसंसर्ग, मनावरचा ताण. चिंता आली की कोणाचे खांदे आवळतात, कोणाचा जबडा, तर कोणाची ही झोळी. सतत आवळलेल्या स्नायूत दुखऱ्या गाठी बनतात, शेजारच्या नसा चिडतात, मूत्राशयाचे तोंड नीट सैल होत नाही म्हणून धार अडखळते. दुखते म्हणून माणूस घाबरतो, घाबरतो म्हणून आणखी आवळतो, आवळतो म्हणून आणखी दुखते. (मूठ सोडा आता!)

यात आणखी एक भर पडते. दुखणे तीन-चार महिने टिकले की मज्जासंस्थाच हळवी होते. घरात एकदा चोर येऊन गेला की राखणीचा कुत्रा पान हलले तरी भुंकतो, तसे. चोर केव्हाच गेलेला असतो, भुंकणे मात्र खरे असते. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'दुखत नाही' असा नाही, आणि 'मनाचे खेळ' असाही नाही.

प्रोस्टेटच्या सुजेचे चार प्रकार

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली तज्ज्ञांची बैठक घेऊन या दुखण्यांची चार गटांत विभागणी केली. ती आजही जगभर वापरली जाते.

१) तीव्र जंतुसंसर्ग. अचानक थंडी वाजून ताप, लघवीला आग, लघवी तुंबणे, रुग्ण गळून जातो. ही तातडीची बाब आहे. येथे प्रतिजैविके हवीतच, प्रसंगी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. या अवस्थेत प्रोस्टेट चोळून तपासणी करणे धोक्याचे असते, कारण जंतू रक्तात पसरू शकतात.

२) जुनाट जंतुसंसर्ग. तोच जंतू लघवीत पुन्हा पुन्हा सापडतो. येथे योग्य प्रतिजैविक चार ते सहा आठवडे द्यावे लागते.

३) जुनाट ओटीपोट-वेदना. गेल्या सहा महिन्यांपैकी निदान तीन महिने दुखणे असते, पण जंतू सापडत नाहीत. आपला आजचा विषय हाच.

४) लक्षणाविना सूज. काहीच त्रास नसतो, दुसऱ्या कारणासाठी तपासताना योगायोगाने आढळते. सहसा उपचार लागत नाहीत.

महत्त्वाची गोष्ट ही की, 'प्रोस्टेटची सूज' म्हणून येणाऱ्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ तिसऱ्या गटातले असतात. औषधे मात्र बहुतेकांना दुसऱ्या गटाची मिळतात! मीही तेच केले होते.

लघवीत नसले तरी प्रोस्टेटमध्ये जंतू आहेत का, हे पाहण्याची एक पद्धत १९६८ साली मीअर्स व स्टेमी या दोन डॉक्टरांनी सांगितली. तीत चार बाटल्यांत नमुने घ्यावे लागत. आता सुटसुटीत रीत अशी की, प्रोस्टेट हलकेच चोळण्यापूर्वीची एक व नंतरची एक अशा दोन बाटल्या कल्चरला पाठवायच्या. खर्च फार नाही. अंदाजाने सहा आठवडे औषध देण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

आधी धोका नाही याची खात्री

"नीट कारण सापडले नाही" आणि "नीट तपासलेच नाही" यांत फार फरक आहे. या दुखण्याचे निदान इतर आजार वगळल्यावरच करायचे असते. एक अनुभव सांगतो.

बावन्न वर्षांचे एक शेतकरी, बिडीची जुनी सवय. सहा महिने 'प्रोस्टेट' म्हणून औषधे चालू होती. जळजळ आणि वारंवार लघवी एवढीच तक्रार. जुने रिपोर्ट चाळताना दिसले की, प्रत्येक लघवी तपासणीत तांबड्या पेशी होत्या, कोणी त्यावर खूण केली नव्हती. दुर्बिणीने मूत्राशय तपासायला पाठवले, तर आत कर्करोगाची सुरुवात निघाली. तंबाखू-बिडी ओढणाऱ्यांत मूत्राशयाचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त असते आणि तो कधी कधी प्रोस्टेटच्या सुजेचे सोंग घेतो. त्यांच्यावर वेळेत उपचार झाले. त्यांना 'टेन्शन आहे' म्हणून परत पाठवले असते तर?

म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी पोट, जांघा, अंडकोष आणि गुदद्वारातून प्रोस्टेट व आजूबाजूचे स्नायू तपासावेत. लघवीची साधी तपासणी व कल्चर, रक्तातील साखर, लघवी करण्यापूर्वी व नंतरची सोनोग्राफी एवढे साधारणतः पुरते. मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला मुतखडा, हर्निया, मूत्रमार्ग आकुंचन पावणे, मूत्रमार्गाचा क्षयरोग, फिशर, कमरेतील चकतीचा दाब या सर्वांच्या वेदना 'खाली' येऊ शकतात. लघवीत पू-पेशी सतत आहेत पण साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असे झाले तर क्षयरोगाची वेगळी तपासणी करावी.

खालील लक्षणे असतील तर वाट पाहू नका:

• थंडी-तापासह लघवीची जळजळ, किंवा लघवी पूर्ण तुंबणे.
• लघवीत रक्त, मग ते एकदाच का दिसेना आणि मुळीच का दुखेना.
• एका अंडकोषात अचानक असह्य कळ व उलटी, विशेषतः मुलांत व तरुणांत. अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. रात्र आहे म्हणून थांबू नये.
• अंडकोषात न दुखणारी कडक गाठ.
• बैठकीच्या जागी बधिरपणा, पायांत अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे.
• वजन घटणे, रात्रीचा घाम, भूक मरणे.

गोळ्यांविषयी खरे काय ते

तिसऱ्या गटातील रुग्णांवर अमेरिकेत व कॅनडात मोठे अभ्यास झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, टॅमसुलोसिन हे लघवीचा मार्ग सैल करणारे औषध, दोन्ही एकत्र, किंवा औषध नसलेल्या कोऱ्या गोळ्या दिल्या. कोऱ्या गोळ्यांपेक्षा खऱ्या गोळ्यांनी विशेष फरक पडला नाही. २००८ साली टॅमसुलोसिनच्याच वर्गातील दुसऱ्या एका औषधाची १२ आठवडे परीक्षा झाली, निष्कर्ष तोच.

याचा अर्थ औषधे मुळीच देऊ नयेत असा नाही. दुखणे नवे असेल आणि आधी प्रतिजैविक दिलेले नसेल, तर एक पूर्ण कोर्स देऊन पाहणे योग्य ठरते. धार अडखळत असेल तर टॅमसुलोसिनचा काहींना उपयोग होतो. ते घेणाऱ्याने अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते. वेदनाशामक थोडे दिवस चालतात, महिनोन् महिने घेतल्यास मूत्रपिंड व जठर यांना इजा होते. नसांची हळवेपणा कमी करणारे अमिट्रिप्टिलिनसारखे औषध रात्री अल्प मात्रेत काहींना लागू पडते. ती 'वेड्याची गोळी' नव्हे.

पण कल्चर निर्दोष असताना एकामागून एक प्रतिजैविके घेणे थांबले पाहिजे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील औषधांनी घोट्यामागची जाड शीर सुजणे, क्वचित तुटणे असे प्रकार होतात. मधुमेह्यांची साखर एकदम खाली-वर होते. आपल्या देशात आणखी एक धोका आहे. ही औषधे क्षयरोगाच्या जंतूंवर अर्धवट काम करतात, त्यामुळे आत क्षय असेल तर तो काही काळ झाकला जातो आणि निदान लांबते. औषध दुकानातून स्वतःच 'मागची तीच गोळी' आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग उपाय काय?

या दुखण्याला एकच रामबाण गोळी नाही. कोणाचे स्नायू आवळलेले, कोणाचे मूत्राशय हळवे, कोणाचे मन खचलेले. ज्याचे जे, त्यावर उपाय करावे लागतात. घरी करण्यासारखे पुढीलप्रमाणे.

श्वासाबरोबर सैल सोडणे. उताणे झोपा, गुडघे वाकवून पावले जमिनीला टेकवा. एक हात बेंबीवर ठेवा. नाकाने चार आकडे मोजत सावकाश श्वास घ्या, छातीऐवजी पोट वर आले पाहिजे. त्याच वेळी लघवी सुरू करताना खाली जसे सैल सोडतो तसे सोडा. कुंथायचे मात्र नाही. मग सहा आकडे मोजत श्वास सोडा. सकाळी व रात्री दहा-दहा मिनिटे. पहिले आठ-दहा दिवस काहीच कळत नाही, पुढे 'आपण किती आवळून बसतो' ते लक्षात येऊ लागते. शशांकासन व गुडघे छातीशी घेण्याचे आसनही सोसेल तेवढे करावे.

येथे एक सूचना. अनेक जण ऐकीव माहितीवर अश्विनी मुद्रा, मूलबंध किंवा 'केगल' व्यायाम जोरात सुरू करतात. हे सारे आवळण्याचे व्यायाम आहेत. ज्यांचे स्नायू ढिले पडले आहेत त्यांना ते उपयोगी, पण ज्यांचे आधीच आवळलेले आहेत त्यांचे दुखणे त्याने वाढू शकते. आधी सैल सोडायला शिकावे.

कोमट पाण्याची बैठक. पसरट टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन १५ मिनिटे बसावे, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी. मधुमेह्यांनी पाण्याची उष्णता घरातल्या दुसऱ्याकडून तपासून घ्यावी.

बसण्याची शिस्त. दर ४० मिनिटांनी दोन मिनिटे उठावे. कडक बाकावर जाड गादी घ्यावी. मोटारसायकलवर लांब जाताना मध्ये उतरून चालावे. रोज अर्धा तास भरभर चालणे हे या दुखण्यावरचे औषधच आहे.

लघवी व शौच. लघवी दाबून धरू नये. तसेच भीतीपोटी दर अर्ध्या तासाने जाऊही नये, त्याने मूत्राशयाला थोड्याशा लघवीलाही हाक मारण्याची सवय लागते. दिवसातून दोन-अडीच लिटर पाणी पुरे, उन्हात राबणाऱ्याने अधिक प्यावे. पालेभाज्या, ज्वारी-बाजरी, सालीसकट फळे, गरज पडल्यास रात्री इसबगोल. कुंथू नये, आणि संडासात मोबाईल घेऊन अर्धा तास बसू नये!

खाण्यापिण्यात. चहा, कॉफी, दारू, झणझणीत तिखट यांनी काहींचा त्रास वाढतो, काहींचा नाही. तीन आठवडे एकेक गोष्ट बंद करून स्वतः पाहावे. 'उष्णता झाली' म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी घेण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नये.

जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट असतात. त्यांतले काही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे उपचार शिकलेले असतात, तसे विचारून जावे. अॅक्युपंक्चरचाही उपयोग होतो असे चीनमध्ये ४४० पुरुषांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मात्र सुया निर्जंतुक आणि करणारा शिकलेला हवा.

धात, अशक्तपणा आणि भीती

शौचाला कुंथताना लघवीच्या जागी चिकट पांढरा थेंब दिसला की पुष्कळ तरुण हादरतात. तो बहुधा प्रोस्टेटचा किंवा वीर्याचा द्रव असतो, दाबाने बाहेर येतो. लघवी पांढुरकी दिसण्याचे कारण अनेकदा तिच्यातील क्षार असतात. 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' या समजुतीला शास्त्रात आधार नाही. वीर्य शरीरात सतत तयार होते, ते गेल्याने हाडे झिजत नाहीत की रक्त आटत नाही. या भीतीतून येणारा थकवा, धडधड, उदासी मात्र खरी असते. भारतीय मानसरोगतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ सालच्या वर्गीकरणातही तिची नोंद आहे. तंबूतले आणि लॉजवरचे 'वैद्य' जगतात ते याच भीतीवर.

दीर्घकाळ दुखणारा माणूस खचतो. झोप उडते, चिडचिड होते, कधी जगणे नकोसे वाटते. असे वाटत असेल तर ते लपवू नका. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

वाचक विचारतात

*हा रोग पत्नीला लागतो का?* तिसऱ्या गटातील दुखणे संसर्गजन्य नाही. ते बदफैलीचे लक्षण नाही. मूत्रमार्गातून पू येत असेल किंवा असुरक्षित संबंध आला असेल तर मात्र वेगळी तपासणी करावी, आणि जोडीदाराचीही.

*संबंध बंद करावेत का?* बंद करण्याची गरज नाही. नंतर ठणका राहत असेल तर कोमट पाण्याच्या बैठकीचा उपयोग होतो.

*याचा पुढे कर्करोग होतो का?* या दुखण्याचे रूपांतर कर्करोगात होते असे सिद्ध झालेले नाही. प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पी.एस.ए. ही रक्ततपासणी सुजेनेही वाढते, म्हणून एका वाढलेल्या आकड्याने घाबरू नये. संसर्ग बरा झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

*वडिलांना 'प्रोस्टेट' आहे, ते हेच का?* नाही. साठीनंतर ग्रंथी वाढते, धार बारीक होते, रात्री उठावे लागते. त्यात सहसा दुखत नाही. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी.

शेवटी

त्या रोखपालांचे पुढे काय झाले? मी प्रथम माझी चूक कबूल केली. सर्व गोळ्या बंद केल्या. पुढच्या भेटीस पत्नीला बोलावून घ्या म्हटले. ती आली, दाराशीच बसली. कागदावर झोळीचे चित्र काढून दोघांना समजावले, आणि हा बाहेरून आणलेला रोग नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. बाईंनी बराच वेळ त्या चित्राकडे पाहिले आणि एकच विचारले, "म्हणजे हे लघवी दाबून धरतात, एवढंच?" मी म्हटले, "एवढंच नाही, पण सुरुवात तिथून."

व्यवस्थापकांना सांगून बारा वाजता दहा मिनिटे काउंटर दुसऱ्याकडे देण्याची सोय झाली. श्वासाचा व्यायाम, कोमट पाणी, चालणे हे दोघांनी मिळून धरले. चार महिन्यांनी दुखणे पुष्कळ कमी झाले. पूर्ण गेले का? नाही. मार्चअखेर आली की अजून थोडे डोके वर काढते. पण आता त्यांना ते ओळखीचे झाले आहे. घाबरत नाहीत, म्हणून वाढत नाही.

तेव्हा वाचकहो, 'खाली' दुखत असेल तर सर्दीचे निमित्त सांगू नका. पहिल्याच वाक्यात सांगा. कधी वाढते, कधी थांबते, रविवारी कसे असते, हेही सांगा. आणि डॉक्टरांनी तपासणीला झोपायला सांगितले तर लाजू नका. दोन मिनिटांचा तो संकोच दोघांनी टाळल्यामुळे नऊ महिने कसे वाया जातात, हे मी पाहिले आहे.